‘नुसते घसरून पडले’ : उतारवयातल्या दुखापती इतक्या महागात का पडतात?

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन पेशंट पाठोपाठ आले असं धरून चालू. एक पंचविशीतला मुलगा. नवले पुलाच्या उतारावर बाइक घसरलेली, शर्ट रक्ताने भरलेला, बरोबर चार मित्र आणि त्यांचा गोंधळ. दुसऱ्या ७८ वर्षांच्या आजी, एरंडवण्यातून रिक्षाने आलेल्या. बेसिनपाशी पाय घसरला म्हणून आणलंय. अंगावर रक्ताचा थेंब नाही, बोलणं स्वच्छ, उलट सुनेलाच विचारतायत, "गॅस बंद करून आलीस ना गं?" सगळे मुलाकडे धावतात, आणि धावायलाच हवं. आजींना बाकावर बसवतात आणि सुनेला केसपेपर काढायला पिटाळतात.

त्या बाकावरच्या तासाभरात बरंच काही बिघडू शकतं. गंभीर दुखापत म्हटली की आपल्याला एक्स्प्रेस-वे, ट्रक, बांधकामाची परांची आठवते. पासष्टीपुढच्या माणसांच्या गंभीर दुखापतींचं सगळ्यांत मोठं कारण मात्र बहुतेक देशांत एकच आहे : चालता-चालता, बहुधा घरातल्या घरात, उभ्या उंचीवरून पडणं. किती लागलंय हे ओळखायच्या आपल्या सवयी तरुण शरीरावर बेतलेल्या आहेत. केवढ्यावरून पडला, रक्त किती गेलं, ओरडतोय किती, नाडी किती धावतेय. म्हाताऱ्या शरीराला यातली एकही मोजपट्टी नीट लागू पडत नाही. हा घोळ नातेवाइकांचाच होतो असं नाही. आम्हा डॉक्टरांचाही होतो, आणि नेहमी होतो.

शरीर बोंब मारत नाही

वय वाढलं तरी हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं रोजच्या खर्चापुरती व्यवस्थित चालतात. संपत आलेली असते ती राखीव गंगाजळी. त्यामुळे आजोबा पर्वतीच्या पायथ्याशी रोज फेरी मारतात म्हणून आपण निर्धास्त असतो. त्यांच्याकडे जादा काही उरलेलं नाही हे पहिला मोठा खर्च येईपर्यंत कळतच नाही.

रक्तदाबाचंच बघा. तरुण जखमी माणसाचा वरचा आकडा ९०च्या खाली गेला की आत रक्तस्राव चालू आहे असं धरतात. पासष्टीपुढे ही रेघ ११०वर ओढलेली आहे, कारण बहुतेकांचा रोजचा दाबच चढा असतो. ज्यांचा आकडा एरवी १५० असतो त्यांचा ११२ दिसला, तर कागदावर तो अगदी छान वाटतो. प्रत्यक्षात ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडातून रक्त आतल्या आत झिरपत असू शकतं.

नाडीची तीच गत. रक्त कमी झालं की हृदयाने वेग वाढवायचा असतो. पण वयामुळे हृदय तेवढं पळू शकत नाही, त्यात मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडी मुद्दामच आवरून धरलेली असते. आत गडबड चालू असताना बाहेर मॉनिटरवर शांतपणे ७६ दिसत राहतं. म्हणून जाणते डॉक्टर वृद्धांच्या बाबतीत एका आकड्यावर विसंबत नाहीत. पुन्हा पुन्हा दाब बघतात, अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट रक्तात तपासतात, पोटाची सोनोग्राफी लगेच करतात आणि सीटी स्कॅन सांगायला कचरत नाहीत. "एवढ्याशा पडण्याला एवढ्या तपासण्या?" असं नातेवाइकांच्या मनात येतं. काही वेळा ती शंका रास्तही असते. पण पडलेला माणूस ७५ वर्षांचा असेल, तर डॉक्टरांनी स्कॅन सांगितल्यापेक्षा न सांगितल्यावर जास्त प्रश्न विचारावेत, असं माझं मत आहे.

आणि दुखणं? ते तर सांगितलंच जात नाही. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या असतात, कधी विस्मरणाचा आजार असतो, आणि या सगळ्याच्या वर आपल्या आयांची सवय : "काही नाही रे, जरा चमक भरलीय. बाम लाव, होईल." मुलांच्या ऑफिसचा खाडा होऊ नये म्हणून मोडलेल्या मनगटाने पोळ्या लाटलेल्या बायका पाहिल्यात.

डोकं

वयानुसार मेंदू किंचित आकसतो. कवटी तेवढीच राहते. मधल्या जागेतून ज्या बारीक शिरा मेंदूकडून कवटीकडे जातात त्या ताणल्या जातात, आणि एरवी विसरून जावा असा धक्काही त्यांतली एखादी फाडायला पुरतो. मोकळी जागा असल्यामुळे साचणारं रक्त सुरुवातीला मेंदूला दाबत नाही. म्हणजे जिथे तरुणाला तासाभरात उलट्या सुरू होतील, तिथे आजोबा तीन दिवस पेपर वाचत बसलेले असतात.

कर्वेनगरातले एक निवृत्त गृहस्थ आठवतात. कपाटाचं उघडं दार कपाळाला लागलं, टेंगूळ आलं, बर्फ लावला, विषय संपला. तीनेक आठवड्यांनी बँकेने त्यांचा चेक परत पाठवला : सही जुळत नाही. घरच्यांनी चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून सोडून दिलं. मग सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लागायला लागली, चालताना उजवीकडे झोक जायला लागला, दुपारीही झोप. "वय झालं," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. धाकट्या मुलीने हट्टाने आणलं. सीटीमध्ये कवटीखाली जुनं, पातळ झालेलं रक्त चंद्रकोरीच्या आकारात साचलेलं होतं. कवटीला दोन छोटी भोकं पाडून ते काढून टाकलं आणि काही दिवसांत गृहस्थ बऱ्यापैकी पूर्ववत झाले. सगळेच इतके नशीबवान नसतात. पण डोक्याला मार लागून काही आठवडे झाले आणि ‘म्हातारचळ’ अचानक वाढला, तर तो म्हातारचळ नसण्याची शक्यता चांगलीच असते.

डोक्याला मार लागल्यावर स्कॅन करायचा की नाही हे ठरवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक कॅनेडियन नियम आहे. बेशुद्धी, विसर पडणं किंवा गोंधळ यांतलं काही झालेलं असेल, तर त्यात ६५ वर्षं पूर्ण असणं हीच एक मोठी जोखीम धरली जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेवढ्याचीही वाट बघत नाहीत. आणि आता या गोळ्या घरोघरी आहेत. अँजिओप्लास्टी झालेल्यांना अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रान, झडप बदललेल्यांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम.

‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांचं भागत नाही, कारण प्रत्येकीचा उतारा वेगळा. वॉर्फरिन आणि अ‍ॅसिट्रोमसाठी व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन, डॅबिगॅट्रानसाठी त्याचं स्वतःचं प्रतिऔषध, क्लोपिडोग्रेलचं गणित आणखी निराळं. रात्री दोन वाजता "ती छोटी पिवळी गोळी, सकाळची" यावरून कुणालाही काही ठरवता येत नाही. गोळ्यांच्या पट्ट्यांचा एक फोटो मुलांच्या फोनमध्ये असला की ही अडचण मिटते. गोळ्या मनानेच बंद करून टाकणं हा मात्र उपाय नाही; पडण्याच्या भीतीने बंद केलेल्या गोळीने पक्षाघात झालेली माणसंही आमच्याकडेच येतात.

मानेबद्दल एवढंच. तोंडावर किंवा कपाळावर आपटलेल्या वृद्धाच्या मानेचा दुसरा मणका मोडलेला असू शकतो, आणि साध्या एक्स-रेत तो निसटतो. म्हणून पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलायची घाई करू नये.

बरगड्या : दिसायला किरकोळ

तुटलेल्या बरगडीला प्लास्टर नसतं, बहुतेक वेळा ऑपरेशनही नसतं, त्यामुळे लोकांना ती दुखापत वाटतच नाही. "दोन बरगड्यांना क्रॅक आहे, आराम करा, गोळ्या घ्या" असं ऐकून पेशंट घरी जातो आणि पाचव्या दिवशी ताप, धाप, आयसीयू.

मधल्या दिवसांत काय होतं? श्वास घेतला की कळ येते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. खोकला दाबतो. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ तिथेच बसतो, आणि त्यात न्यूमोनिया होतो. मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीगणिक वृद्धांमध्ये न्यूमोनियाचा आणि मृत्यूचा धोका वाढत जातो. तीन किंवा जास्त बरगड्या मोडल्या असतील आणि वय पासष्टीपुढचं असेल, तर पेशंट बोलता-चालता असला तरी त्याला देखरेखीत ठेवावं असा सर्वसाधारण संकेत आहे.

इलाजाचा गाभा म्हणजे दुखणं मोडून काढणं. इथे आपल्याकडे एक चुकीची सोशीकता आहे. "वेदनाशामक जास्त नको, किडनीला वाईट" हे अर्धं खरं आहे. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला खरंच बाधतात. पण पॅरासिटॅमॉल ठरावीक तासांनी नियमित देता येतं, आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या मदतीने पाठीत इंजेक्शन देऊन छातीच्या नसा बधिर करतात. ज्या आजी "आई गं" म्हणत अर्धाच श्वास घेत होत्या, त्या अर्ध्या तासात मोकळ्या खोकतात. मग श्वासाच्या व्यायामासाठी देतात त्या तीन बॉलच्या, खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्राला अर्थ येतो. दिवसभर, दर तासाला, बसून, बॉल वर ओढायचे. नातवंडांना शेजारी बसवा. स्पर्धा लागली की आजोबा मनापासून ओढतात.

छाती पट्ट्याने आवळून बांधू नये, त्याने श्वास आणखीच कोंडतो. लेप लावल्याने बिघडत नाही. मालीश करून घेतल्याने बिघडतं.

खुबा

या विषयात एकाच गोष्टीवर बोलायची परवानगी असती, तर मी खुब्यावर बोललो असतो. मांडीच्या हाडाचं वरचं, गोळ्यासारखं टोक खुब्याच्या सांध्यात बसतं, आणि ठिसूळ हाडाचा माणूस कुशीवर पडला की नेमकं तेच मोडतं. खूण ठरलेली : पाय आखूड झालेला, पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं, उभं राहता येत नाही. पण मोडलेली टोकं एकमेकांत रुतून बसली असतील, तर माणूस लंगडत चालतोसुद्धा. क्वचित एक्स-रेही साफ येतो. पडल्यानंतर जांघेत दुखतंय आणि वजन टाकवत नाही, अशा वेळी एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून घरी न जाता एमआरआय किंवा सीटीबद्दल विचारावं.

पहिलं कौटुंबिक संमेलन भरतं ते "या वयात ऑपरेशन झेपेल का?" या प्रश्नावर. काका, आत्या, सोसायटीतले ओळखीचे डॉक्टर, सगळ्यांचं मत येतं. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच विचारलेला आहे. ऑपरेशनशिवाय पडून राहणं झेपेल का, हे कुणी विचारत नाही. मोडलेल्या खुब्याचा पेशंट कुशीवर वळू शकत नाही, बेडपॅन देताना किंचाळतो. दहा दिवसांत पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, छाती भरते, दंड-मांड्यांचं मांस झडतं. पूर्वी पायाला वजन बांधून महिनोन्‌महिने पलंगावर ठेवत, आणि ‘पाय मोडला तो अंथरुणातून उठला नाही’ अशी प्रत्येक वाड्यात एखादी तरी गोष्ट असायची. जगभरचे आकडे बघितले तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला ते चारातला एक जण वर्षभरात जातो. हे मृत्यू ऑपरेशनच्या टेबलावर क्वचितच होतात. बहुतेक नंतर होतात, अंथरुणात, आणि त्यांतले बरेच टाळता येण्यासारखे असतात.

म्हणून ऑपरेशन बहुतेकांना हवं, आणि ते लवकर हवं : शक्यतो २४ ते ४८ तासांत. थांबायची खरी कारणं मोजकीच. हृदय निकामी होऊन छातीत पाणी भरलंय, सोडियम फार बिघडलंय, हिमोग्लोबिन फार खाली आहे, वॉर्फरिनचा असर अजून उतरायचाय. ही तासांत किंवा दिवसभरात सुधारायची असतात. "टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे सर सोमवारी येतात" आणि "मुलगा शनिवारी न्यू जर्सीहून पोचतोय, तोवर थांबू" ही दोन कारणं पुण्यात फार ऐकू येतात. मुलाची घालमेल कळते. पण व्हिडिओ कॉलवर संमती देऊन शनिवारी चालत्या आईला भेटणं त्याच्याही फायद्याचं असतं.

ऑपरेशन कुठलं, हे हाड कुठे मोडलंय त्यावर. सांध्यात बसणाऱ्या त्या गोळ्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेपाशी मोडलं असेल, तर गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. तो जोडून उपयोग नसतो, म्हणून बहुधा गोळा बदलतात. त्याच्या खाली मोडलं असेल तर रॉड आणि स्क्रू घालून जोडतात. ऑपरेशनपर्यंतचा वेळ सुसह्य करणारी एक गोष्ट आहे : जांघेजवळच्या नसेभोवती बधिरतेचं इंजेक्शन. कॅज्युअल्टीतच देता येतं, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि त्यामुळे गुंगी आणणारी औषधं कमी लागतात. ते दिलंय का, असं विचारायला नातेवाइकांनी संकोचू नये. उपाशी ठेवण्याबद्दलही विचारा. ‘ऑपरेशन दुपारी’ म्हणून रात्रीपासून पाणी बंद, मग ऑपरेशन उद्यावर, पुन्हा उपास, असं वृद्धांचं फार होतं. पोट नीट रिकामं होत असलेल्यांना भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं.

दुसऱ्या दिवशी उभं करायचं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, वॉकर धरून, पूर्ण वजन टाकून. घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पण रॉड घालायचा तो त्यासाठीच. सांधा जपायचा म्हणून महिनाभर झोपवून ठेवलं, तर ऑपरेशन करून काय साधलं? खाण्याचंही तसंच. आजारी माणसाला पेज, वरणभात, मऊ खिचडी ही आपली माया. पण झडलेलं मांस भरून यायला प्रथिनं लागतात. अंडं, दूध, पनीर, घट्ट डाळ, चालत असेल तर मासे.

ब्रिटनमध्ये या पेशंटांची अस्थिशल्यविशारद आणि वृद्धरोगतज्ज्ञ यांनी मिळून काळजी घ्यायची पद्धत रुजली. २००७ मध्ये तिथे खुब्याच्या प्रत्येक फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली : किती तासांत ऑपरेशन झालं, कधी उभं केलं, सगळं. इंग्लंडमध्ये ३० दिवसांतले मृत्यू २००७ मधल्या १०.९ टक्क्यांवरून २०११ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. आपल्याकडे दोन तज्ज्ञांचं असं एकत्र काम अजून सर्रास नाही, त्यामुळे "हाडाच्या डॉक्टरांबरोबर फिजिशियन रोज बघतायत ना?" हे विचारायची जबाबदारी घरच्यांवर येते.

रात्री अडीच वाजता

ऑपरेशन उत्तम झालेलं, दुपारी आजोबा सगळ्यांशी बोललेले. रात्री अडीचला ते सलाईन ओढून काढतात, नर्सला विहिणबाई समजतात आणि वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला हाका मारत डेक्कनला जाणारी बस चुकेल म्हणून पलंगावरून उतरू लागतात. मुलगी हादरते. बाबांना वेड लागलं?

हा भ्रम आहे, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, आणि खुब्याच्या पेशंटांत तो अगदी नेहमीचा आहे. अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो, बहुतेकांचा दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. मेंदूचा हा वेगळा आजार नव्हे. शरीरात काहीतरी बिनसल्याची ती वर्दी असते. लघवी तुंबलीय, पोट साफ नाही, दुखतंय, जंतुसंसर्ग झालाय, ऑक्सिजन किंवा सोडियम कमी पडलंय, झोपेची गोळी बाधलीय, किंवा रोजची झोपेची गोळी वा दारू एकदम बंद झालीय. कारण शोधायचं असतं. हातपाय बांधणं आणि गुंगीचं इंजेक्शन हे अगदी शेवटचे उपाय, तेही पेशंट स्वतःला इजा करून घेत असेल तरच.

याचं दुसरं रूप गप्प असतं, आणि ते हमखास निसटतं. पेशंट आवाज करत नाही, पडून राहतो, हाक मारली की "हं" म्हणतो. वॉर्डात सगळे म्हणतात, किती शांत आहेत!

नातेवाईक इथे डॉक्टरांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरून आणायची. या तीन गोष्टी ‘हरवतील’ म्हणून घरी ठेवल्या जातात आणि माणूस आंधळा, बहिरा, बोळका होऊन अनोळखी खोलीत पडतो. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. ओळखीचं माणूस जवळ. आज कुठला वार, आपण कुठे आहोत, काय झालंय, हे शांतपणे पुन्हा पुन्हा सांगायचं. वाद घालायचा नाही. आणि लघवीची नळी कधी निघणार हे रोज विचारायचं.

किती करायचं

सगळ्यांचं सगळं करायचं का? ८८ वर्षांचा एक माणूस रोज स्वतः भाजी आणतो. ७० वर्षांचा दुसरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला असतो. वयाचा आकडा इथे फार काही सांगत नाही. म्हणून पडण्याच्या दोन आठवडे आधी माणूस कसा होता हे विचारून १ ते ९ असा क्षीणतेचा अंदाज बांधतात. १ म्हणजे ठणठणीत, ८ म्हणजे पूर्ण परावलंबी, आणि ९ म्हणजे आयुष्याचे थोडेच महिने उरलेले. "आधी कसे होते?" या प्रश्नाला "चांगले होते" असं उत्तर देऊ नका. जिना चढत होते का, पैशांचा हिशेब ठेवत होते का, अंघोळ स्वतः करत होते का, ते सांगा. अगदी शेवटच्या टप्प्यातल्या माणसाचाही खुबा बऱ्याचदा दुखणं थांबवण्यासाठी बसवतात. व्हेंटिलेटरचा प्रश्न वेगळा. त्याबद्दल आई-वडिलांचं मत ते धडधाकट असताना विचारलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं.

पडल्यावर, पहिल्या तासात

उचलू नका. आधी बोला. शुद्धीत आहेत का, मान दुखतेय का, हातपाय हलतात का, पाय आखूड दिसतोय का. शंका असेल तर तिथेच उशी-पांघरूण द्या आणि १०८ फिरवा. राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे. सीटी स्कॅन, हाडांचे आणि मेंदूचे शल्यविशारद आणि आयसीयू एका छपराखाली असतील अशा ठिकाणी जा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात हे सगळं चोवीस तास असतं. छोट्या नर्सिंग होममध्ये तीन तास घालवून मग मोठ्या रुग्णालयात हलवण्यात पहिलाच महत्त्वाचा वेळ जातो.

कोथरूड, औंध, सहकारनगर इथल्या कितीतरी फ्लॅटमध्ये आता दोघंच राहतात, किंवा एकटी आई. तिथे पडण्याइतकाच धोका पडून राहण्याचा. फरशीवर काही तास एकाच कुशीवर राहिलं की दबलेले स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडतं, शिवाय अंग गार पडतं आणि कातडी मरते. म्हणून बाथरूमला आतून कडी लावायची नाही, किल्लीचा एक जोड शेजारी, फोन गळ्यात किंवा खिशात. भिडस्त पालकांना हे पटवणं अवघड जातं, कडीबद्दल तर फारच.

रस्त्यावरचा एक प्रकार खास आपला. स्कूटरवर मागे एका बाजूला बसलेल्या आजी, स्पीडब्रेकर किंवा खड्डा, एक जोरदार आदळा. पडल्या नाहीत, काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून कंबर मोडून आलीय. पाठीचा ठिसूळ मणका दबून बसलेला असतो. अपघात वाहनाचा असेल, तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत पहिल्या सात दिवसांचे दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. आणि जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला, जखमी मरण पावला तरी, दिवाणी-फौजदारी कटकटीपासून २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिलंय.

सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कार्ड आधीच काढून ठेवा, रुग्णालय यादीत आहे का ते विचारा.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या कागदावर हाड जोडल्याचं असतं, हाड का मोडलं याबद्दल बहुधा काही नसतं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत हे सिद्धच झालं. घनता मोजायला वेगळं मशीन लागत नाही. तरी बहुतेकांना कॅल्शियमच्या गोळीवर घरी पाठवतात. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं असतं. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर ते दिलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर तर कमी झालीच, मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले असं २००७ मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आधी मूत्रपिंडाची तपासणी आणि व्हिटॅमिन डीची भरपाई करतात, ऑपरेशननंतर दोनेक आठवडे थांबतात. म्हणजे डिस्चार्जच्या वेळी कुणी तारीख लिहून दिली नाही, तर ते राहूनच जातं.

दुसरा न विचारलेला प्रश्न : पडले कशाने? ‘पाय घसरला’ हे बऱ्याचदा नंतर जुळवलेलं उत्तर असतं. उठताना दाब घसरला होता का? तो उभं करून मोजावा लागतो, पलंगावर कळत नाही. साखर कमी झाली होती का? झोपेची किंवा प्रोस्टेटची गोळी त्याच आठवड्यात सुरू झाली होती का? मोतीबिंदू पिकलाय का, जिना उतरताना दुहेरी भिंगाचा चष्मा असतो का? कारण सापडलं नाही, तर दुसरा खुबाही मोडू शकतो.

घरातले बदल बहुतेकांना माहीत असतात. संडासाशेजारी भिंतीत पक्का दांडा (टॉवेलचा रॉड चालत नाही, तो हातात येतो), रात्रीचा दिवा, सुटं पायपुसणं हद्दपार. पावसाळ्यात वाड्याच्या दगडी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायला माणूस बोलवा. आणि दिवाळीआधी माळा आवरायला आजोबांना स्टुलावर चढू देऊ नका. घरातले सगळे बाहेर जायची ते वाट बघत असतात.